व्हिटकम आजोबांची तबकडी

नेपरव्हिलच्या आमच्या घरात गाणं बेसमेंटमध्ये राहायचं आणि बाकी सगळं वर. वर आईचं राज्य. फोडणीचा वास शेजाऱ्यांकडे जाऊ नये म्हणून बंद ठेवलेल्या खिडक्या, आणि आत कोंडून कोटांना, पडद्यांना, माझ्या दप्तराला लागलेला तोच वास. श्रीखंडासाठी फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलेलं दही. कुकरच्या शिट्ट्या, ज्या ऐकून एकदा समोरच्या बाई घाबऱ्याघुबऱ्या दार वाजवायला आल्या होत्या. खाली बाबांचं. ते रोज सकाळी ट्रेनने शिकागोला जात, तिथे एका कंपनीत पुलांची ड्रॉइंग तपासत, आणि संध्याकाळी परतले की चहाचा कप घेऊन खाली जे उतरत ते आईने जेवायला चौथी-पाचवी हाक मारेपर्यंत वर येत नसत. खाली त्यांचा टर्नटेबल होता, टेपडेक होता, नागपूरहून विमानात मांडीवर धरून आणलेल्या रेकॉर्डी होत्या आणि कॅसेटचे खोके होते. आजूबाजूच्या मराठी मंडळींत कुणाला नाट्यगीतं हवी असोत की भूपाळ्या, फोन आमच्याकडे यायचा. "जोशी, जरा एक कॅसेट भरून द्या ना यार, गाडीत ऐकायला." बाबा भरून देत, पण आपल्या पद्धतीने. आधी रेकॉर्ड पुसायची, मग सुई तपासायची, मग थोडंसं वाजवून आवाजाची पातळी बसवायची, मग थांबायचं, आणि मगच खरं भरायचं. माणूस ताटकळला तरी चालेल, पण गाण्यात खरखर चालणार नाही.

आम्ही अमेरिकेत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. ही गोष्ट घडली तेव्हा हायस्कूलात. एकुलती एक असल्याने घरातल्या दुभाष्याची नोकरी बिनपगारी माझ्याकडे होती. आईला इंग्रजी कळायचं सगळं, पण बोलायची वेळ आली की ती माझ्याकडे बघायची. दुकानात, डॉक्टरकडे, शाळेत. मला ह्या कामाचा मनस्वी कंटाळा होता आणि तो मी लपवतही नसे. निम्मं भाषांतर मी गिळून टाकायचे. आईने पाच वाक्यं सांगितली की मी समोरच्याला म्हणायचे, "शी सेज थँक यू."

मिस्टर व्हिटकम आमच्या उजव्या हाताच्या घरात राहत. आम्ही तिथे राहायला गेल्यापासून ते एकटेच होते. उंच, वाकलेले, घरातल्या घरातही इस्त्रीचा शर्ट घालणारे. घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलेलं होतं. गळ्याच्या पुढच्या बाजूला श्वासासाठी भोक होतं आणि त्यावर ते पातळ रुमाल बांधत. बोलायचं झालं की खिशातून दाढीच्या मशीनसारखं एक यंत्र काढून गळ्याला टेकवत आणि बटण दाबत. मग ओठ हलतील तसे शब्द उमटत, पण सगळे एकाच सुरात, पलीकडच्या खोलीत मिक्सर चालू असावा तसे. राग, विनोद, प्रश्न, सगळ्यांचा सूर एकच. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आई दोन पावलं मागे सरकली होती. नंतर त्याचंच वाईट वाटून तिने त्यांना वाटीभर शिरा नेऊन दिला. तेव्हापासून ते तिचे 'शेजारचे आजोबा' झाले. आमच्या फोडणीबद्दल कधीही नाक न मुरडलेला हा एकमेव शेजारी. कारण उघड होतं, श्वास गळ्यातून घेत असल्याने त्यांना वास असा येतच नव्हता.

त्या वर्षी पानं गळायला लागली त्या सुमाराची गोष्ट. बाबा खाली काहीतरी भरत बसले होते आणि बेसमेंटची जमिनीलगतची छोटी खिडकी उघडी होती. मी अंगणात पानं गोळा करत होते. बघते तर मिस्टर व्हिटकम पानं ओढायचं आपलं दाताळं टेकून त्या खिडकीपाशी उभे, एका पायाने ताल धरून. तबल्याचा ठेका होता तो, आणि त्यांच्या पायाला तो कळला होता. मला बघून त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "ड्रमर चांगला आहे," ते म्हणाले. "माझ्याकडे असा असता तर मी श्रीमंत झालो असतो." आणि मग, "तुझ्या वडिलांना विचारशील का, ते जुन्या तबकडीवरून टेप करून देतात का?"

दुसऱ्या दिवशी ते आले ते उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन. आईने चहा ठेवला, चकल्या काढल्या. चकली त्यांनी चहात बुडवून मऊ करून खाल्ली, ते पाहून आईचा जीव कळवळला. आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, मधूनमधून यंत्र खाली ठेवून दम घेत, त्यांनी आपली सगळी कारकीर्द सांगितली. मला तोवर माहीतच नव्हतं की हा माणूस एकेकाळी बँडलीडर होता. डेल व्हिटकम अँड हिज ऑर्केस्ट्रा. आयोवातल्या मक्याच्या शेतावरचा मुलगा, शाळेच्या बँडमध्ये सनई वाजवायला शिकला (क्लॅरिनेटला बाबा सनईच म्हणत), आणि विशी ओलांडायच्या आत बारा-चौदा माणसं बरोबर घेऊन गावोगाव हिंडायला लागला. स्विंगचा, म्हणजे नाचायच्या जॅझचा, जमाना होता. शनिवारी संध्याकाळी सगळं गाव डान्स हॉलमध्ये लोटायचं. जुन्या बसमधून हिवाळ्यात रात्रंदिवस प्रवास, वाद्यं मांडीवर, कारण टपावर ठेवली तर थंडीने तडकायची. रोज रात्री ते बँडसमोर उभे राहून गायचे. "लोक नाचायचं थांबून स्टेजपाशी यायचे," ते म्हणाले. यंत्राच्या त्या सपाट आवाजात हे वाक्य मला तेव्हा बढाईसारखं वाटलं नाही आणि दुःखासारखंही वाटलं नाही. नुसतं वाक्य वाटलं.

मग रेकॉर्ड कंपनी आली. कंपनीला बँड पसंत पडला, नाव पसंत पडलं, पण गाण्यासाठी त्यांनी त्यांचा माणूस आणला. देखणा, पोस्टरवर शोभेल असा. रेकॉर्डी निघाल्या, त्यातली एक बऱ्यापैकी चालली. लेबलवर मोठ्या अक्षरांत डेल व्हिटकम, आणि गाणाऱ्याचं नाव कुठे खाली, कुणी न वाचण्याजोगं. पुढे आयुष्यभर लोक त्यांना थांबवून सांगत राहिले, "तुमची रेकॉर्ड आहे आमच्याकडे. काय गोड आवाज हो तुमचा!" सुरुवातीला ते खुलासा करत. मग नुसतं थँक यू म्हणायला लागले. पुढे युद्ध आलं, निम्मा बँड सैन्यात गेला, परत आले ते वेगवेगळ्या नोकऱ्यांना लागले. डान्स हॉलचं स्केटिंग रिंक झालं. ह्यांनी निवृत्त होईपर्यंत एका दुकानात पियानो विकले.

त्यांचा स्वतःचा आवाज एकाच ठिकाणी होता. शिकागोतल्या एका हॉटेलमधून त्यांच्या बँडचा कार्यक्रम रेडिओवर व्हायचा, आणि तिथल्या एका तंत्रज्ञाने मैत्रीखातर एका रात्रीचं गाणं थेट तबकडीवर कोरून दिलं होतं. ही छापील रेकॉर्ड नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लाखेसारखा थर आणि त्यात कोरलेलं गाणं. दुसरी प्रत नाही. प्रत्येक वेळी वाजवली की थोडी झिजते, म्हणून त्यांनी ती फार वाजवली नाही, आणि घरचा प्लेअर बिघडल्यापासून तर मुळीच नाही. "पण आता ऐकायचीय," ते म्हणाले. बाबांनी विचारलं, आत्ताच का? आजोबांनी यंत्र टेबलावर ठेवलं, उचललं, परत लावलं. "मनातल्या मनात बोलतो ना आपण, तेव्हासुद्धा मला आता हाच आवाज ऐकू येतो," ते म्हणाले. "माझा कसा होता ते मला आठवत नाही. एकदा ऐकला की परत येईल असं वाटतं." मी आईसाठी ह्याचं भाषांतर करायला वळले, तर तिने हाताने नको म्हटलं. तिला कळलं होतं.

दसरा दोन-तीन दिवसांवर होता. बाबांनी त्याच संध्याकाळी तबकडी लावली, पातळी बसवायला. मिस्टर व्हिटकम थांबले नाहीत. त्यांना ते घरी, एकट्याने, कॅसेटवर ऐकायचं होतं, वाटेल तितक्या वेळा. आई लाटणं हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसली. मी इस्त्रीच्या टेबलाला टेकून उभी होते. आधी खरखर, मग निवेदकाने त्यांचं नाव घेतलं, टाळ्या, मग बँड, पितळी वाद्यांचा एकदम उसळलेला आवाज, मग बँड खाली आला आणि ते गायला लागले. बाबांनी चष्मा काढून हातात धरला. आईच्या पोळीचा तवा वर तापत होता, धूर झाला तरी तिला भान नव्हतं. पहिलं कडवं संपताच बाबांनी सुई उचलली. "झिजायला नको," ते म्हणाले. भरून का नाही घेतलं? कारण घरात होत्या त्या सगळ्या वापरलेल्या कॅसेट. ह्या माणसाचं गाणं कुणाच्या तरी पुसलेल्या भजनावर भरायचं नाही, चांगली नवी कोरी कॅसेट आणू, मग शांतपणे भरू, असं त्यांचं म्हणणं. माझ्या वडिलांच्या चोखंदळपणाचं मला पुढे अनेकदा कौतुक वाटलं. ह्या एका बाबतीत मात्र आजही वाटतं, कसल्याही फडतूस कॅसेटवर, कसंही, भरून टाकायला हवं होतं.

तबकडी टर्नटेबलवरच राहिली. हलवताना ओरखडा नको म्हणून.

दसऱ्याच्या दिवशी बाबा ऑफिसला आणि मी शाळेत. आईने नेहमीप्रमाणे साग्रसंगीत पूजा केली. अमेरिकेत आल्यापासून तिचा दसरा वाढतच चालला होता. इथे कुणी बघणारं नाही म्हणून काही सोडायचं नाही, उलट जास्तच करायचं, असा तिचा बाणा. ड्राइव्हवेतल्या गाडीला हार घातला. शिवणयंत्र, बाबांचं सोल्डरिंगचं हत्यार, माझी गणिताची पुस्तकं, विळी, सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. आपट्याची पानं नव्हती म्हणून अंगणातली पिवळी पानं धुऊन सोनं म्हणून ठेवली. आणि मग निरांजन घेऊन ती खाली उतरली. टर्नटेबल, टेपडेक ह्यांची पूजा दर वर्षीचीच. पण ह्या वर्षी त्यावर आजोबांची तबकडी होती. गाणाऱ्या माणसाची सगळी विद्या त्या एका तबकडीत, तिला कोरडं बोट लावून कसं चालेल? तिने हळदकुंकू पाण्यात कालवलं आणि तबकडीच्या मधोमध हात न राखता चांगलं मोठं स्वस्तिक काढलं. वर अक्षता वाहिल्या, फुलाने पाणी शिंपडलं, फूल तिथेच ठेवलं. बाजूला निरांजन ठेवलं. नमस्कार केला. नंतर तिनेच मला सांगितलं, देवीला ती म्हणाली होती, "ह्यांचा आवाज ह्यांना परत मिळू दे."

संध्याकाळी बाबा नवी कॅसेट घेऊन आले. श्रीखंडपुरीचं जेवण झालं, एकमेकांना सोनं दिलं. बाबा खाली जायला उठले तर आई म्हणाली, "आज नाही हं. पूजेला ठेवलंय सगळं. उद्या सकाळी." दसऱ्याला पुजलेली हत्यारं त्या दिवशी वापरायची नाहीत, हे बाबांनाही लहानपणापासून ठाऊक होतं. ते हसले. "बरं बाई. तुझ्या सरस्वतीला सुट्टी."

सकाळी त्यांची हाक ऐकून मी खाली गेले. हाक कसली, त्यांनी नुसतं "अगं" म्हटलं होतं, पण ते ज्या पद्धतीने म्हटलं त्याने मी ब्रश तोंडात ठेवूनच धावले. स्वस्तिक वाळून घट्ट झालं होतं. हळद रेघांच्या आत जाऊन बसली होती. अक्षता चिकटल्या होत्या, एक उचलली तर तिच्याबरोबर काळा पोपडा आला. बाबा चिडले नाहीत. इंजिनिअर माणूस, दुरुस्त होणार नाही अशी गोष्ट त्यांना मान्यच नसे. टेपडेक साफ करायची स्पिरिटची बाटली त्यांनी काढली, कापूस भिजवला आणि मधोमध, जिथे कुंकू दाट होतं तिथे, हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली. छापील रेकॉर्डवर, टेपच्या यंत्रावर त्यांनी शंभरदा तेच केलं असेल. कापूस पिवळा झाला, लाल झाला, मग काळा. "बघ किती मळ आहे," ते म्हणाले आणि नवा कापूस घेतला. तोही काळा झाला. तिसऱ्या बोळ्याला खालचा पत्रा चमकला. तो मळ नव्हता, गाणं होतं. स्पिरिटमध्ये ती लाख विरघळते, हे तोवर आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबा कापूस हातात धरून तसेच उभे राहिले आणि मी तोंडातला फेस गिळून टाकला.

आई जिन्यातून खाली आली. तिने पाहिलं आणि आधी काही कळलं नाही तिला, मग कळलं. ती पायरीवर बसली. "मी केलं हे," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "नाही, मी केलं." त्यांच्यात ह्यावरून पुढे कित्येक वर्षं वाद होत राहिला, प्रत्येकाला दोष आपल्याकडे हवा होता. मला तो वाद ऐकवत नसे.

त्या दिवशी बाबा ऑफिसला गेले नाहीत आणि मी शाळेला. दहाच्या सुमारास आजोबांना आम्हीच बोलावून आणलं. ते नवा शर्ट घालून आले होते. त्यांना वाटलं कॅसेट तयार झाली. जिना उतरताना बाबा त्यांचा हात धरू लागले तर ते हसले. मग त्यांनी तबकडी पाहिली.

आई पुढे झाली. तिने त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली, मराठीत, त्यांच्या डोळ्यांत बघून, न थांबता, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "वैजू, सगळं सांग. एकही शब्द गाळू नकोस." मी सांगितलं. हळद, कुंकू, तांदूळ. पूजेला शब्द सापडेना. "शी प्रेड टु इट," मी म्हणाले. त्यांनी यंत्र गळ्याला लावलं. "माझ्या तबकडीला?" मी हो म्हटलं. "का?" आईला प्रश्न कळला. ती रडायला लागली.

काठाकडचा भाग शाबूत होता. आजोबांनी बोटाने टर्नटेबल दाखवलं. बाबांनी सुई टेकवली. खरखर आली, निवेदकाने नाव घेतलं, टाळ्या झाल्या, बँड उसळला, मग खाली आला, आता ते गाणार, आणि सुई कर्रकन घसरून पत्र्यावर गेली. बाबांनी झटकन उचलली. आजोबांनी पुन्हा बोट दाखवलं. बाबांनी पुन्हा लावली. पुन्हा बँड खाली आला आणि पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी बोट दाखवलं नाही.

"तुम्ही ऐकलंत ना त्या संध्याकाळी?" त्यांनी विचारलं. "कसा होता?"

बाबा म्हणाले, "व्हेरी नाइस, सर. व्हेरी, व्हेरी नाइस." इंग्रजीत त्यांना ह्यापेक्षा जास्त जमलं नाही, आणि मला वाटतं मराठीतही जमलं नसतं. आजोबा आईकडे वळले. आई डोळे पुसून म्हणाली, "सांग त्यांना, भरीव होता. ओढून ताणून नाही. माणूस शेजारी बसून बोलतोय असा." मी माझ्या परीने सांगितलं. भरीवला मी 'फुल' म्हटलं. त्यांनी मान हलवली, पण समाधान झाल्यासारखी नव्हे. कुणाबद्दलही असं म्हणता येईल, हे मलाही कळत होतं.

मग ते माझ्याकडे बघू लागले. "तुझे कान तरुण आहेत," ते म्हणाले. "गाऊन दाखव."

मला कधी गाता आलं नाही. पण त्या दिवशी नाही म्हणायची सोय नव्हती. एकदाच ऐकलेली पहिली ओळ मी म्हटली, जशी आठवली तशी, चाल बरोबर लागली हे मला माहीत होतं. बाबांनी खाली बघितलं. आजोबांनी ओळ संपेपर्यंत ऐकलं, मग हळूच हात वर केला. "चाल मला येते, बेटा," त्या सपाट, घरघरत्या आवाजात ते म्हणाले. "चाल मी विसरलो नाही. आवाज."

मग त्यांनी अभ्रा मागितला, तबकडी स्वतःच्या हाताने त्यात घातली, आईच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि जिना चढून गेले. त्यांचा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

बर्फ पडायला लागल्यावर त्यांचा मुलगा दुसऱ्या राज्यातून आला आणि त्यांना घेऊन गेला. घर विकलं गेलं. आईने पाठवलेला लाडवांचा डबा रिकामा परत आला, आत चिठ्ठीबिठ्ठी काही नव्हती. वसंतात कुणाकडून तरी कळलं की आजोबा गेले. आईने त्यांच्या नावाने दिवा लावला, पण त्यानंतर ती बेसमेंटमध्ये कधी पूजा करायला उतरली नाही, आणि बाबांनी कॅसेट भरून देणं हळूहळू बंद केलं. लोकांना ते सांगत, वेळ मिळत नाही.

आजोबांच्या बँडच्या रेकॉर्डी मी पुढे जुन्या दुकानांत शोधल्या. मिळतात अजून, धुळीत, खोक्यांच्या तळाशी. त्यावर तो देखणा माणूस गातो, आणि बरा गातो. बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई गेल्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या आजारात मी तिला एकदा विचारलं, ते आजोबा कसे गायचे गं? ती विचार करत राहिली आणि म्हणाली, "भरीव," आणि आणखी काही शोधत असताना तिला झोप लागली. मला पितळी वाद्यं आठवतात, बँड खाली आलेला आठवतो, बाबांच्या हातातला चष्मा आठवतो. चाल तर आजही म्हणून दाखवीन. पण तो आवाज ऐकलेली आता मी एकटी उरले आहे, आणि मला तो आठवत नाही.